दादाच्या वतीने

दुसऱ्या लाटेनंतरच्या हिवाळ्यात मी धावायला लागलो, तेव्हा माझं वय एक्कावन्न होतं. त्याआधी मी कधी धावलोच नव्हतो. झाशीच्या स्टँडवर चिरगाँवची बस सुटताना दिसली की चार पावलं पळायचो, तेवढंच. चिरगाँवच्या इंटर कॉलेजात मी गणित शिकवतो. त्या दिवसांत निम्मी मुलं वर्गात असायची, निम्मी मोबाइलवर, आणि मला दोन मजले चढून वर्गात पोचलं की हजेरी घ्यायलाही दम उरायचा नाही. एप्रिलमधल्या आजाराचा तो शेष होता. डॉक्टर म्हणाले, "मास्टरजी, पहले चलिए, फिर दौड़िए. नहीं तो फेफड़े ऐसे ही रह जाएँगे."

आमच्या घरात धावणारा म्हणजे दादा. माझा मोठा भाऊ. तो मालगाडी चालवायचा. ड्यूटी नसेल त्या दिवशी पहाटे उठून रेल्वेच्या मैदानावर दहा चकरा मारायचा आणि परत जाताना आमच्याकडे यायचा. त्याचं क्वार्टर आमच्या घरापासून दहा मिनिटांवर. आई माझ्याकडे राहायची. सकाळी ती व्हरांड्यात खुर्ची टाकून बसलेली असे. दादा फाटकातूनच "आई, आलो गं" म्हणायचा, पायरीवर बसून स्टीलच्या पेल्यातून चहा प्यायचा आणि जायचा. मी तोवर बहुधा अंथरुणातच असायचो. वीस-पंचवीस वर्षं तरी हे असंच चाललं होतं. त्यात काही खास आहे असं आम्हाला कुणाला वाटलं नव्हतं.

एप्रिलमध्ये आम्ही सगळेच आजारी पडलो. आई, मी, बायको, मुलगी, एका घरात चौघं. दादा आणि वहिनी त्यांच्या क्वार्टरमध्ये धडधाकट होते. पहिले चार दिवस दादा औषधं आणि फळांची पिशवी फाटकाला अडकवून जायचा आणि लांबून हात करायचा. पाचव्या दिवशी पिशवी आली नाही.

त्याला दवाखान्यात मी नेलं नाही. मला उभं राहता येत नव्हतं. त्याच्याबरोबर गाडीवर जाणाऱ्या दोघांनी नेलं. सहा दिवस तो फोनवर होता. बोलणं थोडं, श्वासच जास्त ऐकू यायचा. शेवटच्या फोनवर त्यानं विचारलं, "आई कशी आहे?" मी म्हणालो, ताप उतरलाय, पण भ्रमल्यासारखं बोलते. तो थोडा वेळ नुसताच श्वास घेत राहिला. मग म्हणाला, "तिला सांग, लाइनवर आहे."

लाइनवर म्हणजे गाडी घेऊन बाहेरगावी. आमच्या घरात हा शब्द माझ्या वडिलांच्या वेळेपासूनचा. मी आईला ते सांगितलं. दुसऱ्या दिवशी दादा गेला आणि मी तिला तेच सांगत राहिलो.

त्याला मी शेवटचं पाहिलं ते स्मशानात, तीसेक पावलांवरून. पांढऱ्या पिशवीची चेन बंद होती. आत दादाच आहे, हे मी कुणाच्या तरी सांगण्यावरून मानलं. पुढे कितीतरी महिने मला वाटायचं, मी मानलं हीच चूक झाली.

आईला तेव्हा घरीच ऑक्सिजन लावलेला होता. डॉक्टर म्हणाले, धक्का देऊ नका. ते बरोबरच होतं. पण मग जून आला, जुलै आला, आई उठून बसली, जेवायला लागली, आणि तरी आम्ही बोललो नाही. इतके दिवस का नाही सांगितलंत, असं ती विचारेल, या भीतीनं आणखी दिवस गेले. तिची आठवण आता तुकड्यातुकड्यानं येई. कधी मला माझ्या नावानं ओळखे, कधी माझ्या मुलीला स्वतःची बहीण समजे. दादाबद्दल क्वचित विचारायची. "लाइनवर आहे," म्हटलं की मान हलवायची. वहिनी ग्वाल्हेरला तिच्या भावाकडे निघून गेली होती. त्यांना मूलबाळ नव्हतं.

डिसेंबरमधली एक सकाळ. कोहरा असा होता की फाटकापाशी पोचेपर्यंत फाटक दिसत नव्हतं. (आमच्याकडे घरातही धुक्याला कोहराच म्हणतात.) मी पाच चकरा पुऱ्या करून येत होतो. कानटोपी, मफलर, नाकावर मास्क, आणि मास्कच्या आत माझा स्वतःचाच श्वास, जोरजोरात. त्या श्वासाचा मला त्रास व्हायचा. फोनवर सहा दिवस ऐकलेला आवाज अगदी तसाच होता. मी पायरीवर पाय ठेवला आणि आई खुर्चीतून म्हणाली,

"दादा, आलास का?"

तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशन महामारीमुळे दोनदा पुढे गेलेलं. तिला दिसला असेल तो एक टोपीवाला, धापा टाकणारा माणूस. आम्हा दोघांचे आवाज तर लहानपणापासून सारखे. फोनवर दादाचे मित्र मलाच गाडीचा नंबर सांगायचे.

"आई, मी..." एवढंच म्हणालो, आणि तिचा चेहरा पाहिला. एप्रिलपासून तो चेहरा असा उजळलेला मी पाहिला नव्हता.

"बस ना," ती म्हणाली. "धाकटा अजून झोपलाय."

मी पायरीवर बसलो. म्हणालो, "हो आई. आलो गं."

एकदाच, असं मी मनाशी म्हटलं होतं. दुसऱ्या दिवशी ती शाल नीट पांघरून, केस विंचरून वाट बघत बसली होती.

मग रोजचं झालं. मी धावून आलो की दादा. घरात जाऊन टोपी-मफलर काढून, अंघोळ करून बाहेर आलो की मी. बायको पेला ठेवून आत जायची. पहिल्या आठवड्यात ती एकदाच म्हणाली, "हे बरं नाही हो." मी म्हणालो, "तिला बरं वाटतंय ना?" त्यावर ती पेला विसळायला घेऊन गेली. मुलीनं मात्र एक दिवस विचारलं. ती मराठी समजते, पण उत्तर हिंदीतच देते. "पापा, आजी सुबह किससे बात करती हैं?"

"माझ्याशी."

"पर वो तो ताऊजी बोल रही थीं." ताऊजी म्हणजे दादा. "और आप जवाब दे रहे थे."

मी तिला सांगितलं, आजीचं वय झालंय. ती म्हणाली, "मैं आजी की बात नहीं कर रही."

संध्याकाळी मी आईला वाचून दाखवायचो, आणि तेव्हा मी मीच असायचो. इथल्या मराठी मंडळाचं वाचनालय लॉकडाउनमध्ये बंद पडलं. कपाटांना वाळवी लागली, तेव्हा जुन्या सभासदांनी पुस्तकं वाटून घेतली. माझ्या वाट्याला दोन पिशव्या आल्या. त्यांत एक गुप्तहेराची कादंबरी होती. कव्हर नव्हतं, पहिली आठ पानं नव्हती, त्यामुळे तिचं नाव आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. सुरुवात एकदम एका बंद खोलीतल्या खुनापासून. आईला ती फार आवडली. संपली की दोन दिवसांनी पुन्हा तीच वाचायची, कारण खुनी कोण ते ती विसरलेली असायची. खून झालेल्या माणसाचं प्रेत सापडतं त्या पानावर ती दर वेळी छातीवर हात ठेवायची. "अगं बाई! गेला का तो?" दर वेळी तितकीच घाबरून. मी पान उलटायचो. पुढे पुढे ते पान आलं की मला घाम सुटायला लागला.

सकाळी ती दादाला माझ्याबद्दल सांगायची. ते ऐकणं सोपं नव्हतं.

"धाकटा फार हळू वाचतो रे," ती एकदा म्हणाली. "मुलांना शिकवल्यासारखं. पण मी काही म्हणत नाही. त्याला वाईट वाटेल."

मी हसलो. दादा हसला असता तसा, म्हणजे नाकातून.

"चांगला आहे तो," ती म्हणाली. "सगळं वेळेवर करतो. पण माझ्याजवळ बसलेला असला ना, की घड्याळ बघतो. तू नाही बघत."

खरं होतं ते. मी घड्याळ बघायचो. त्या संध्याकाळी मी मुद्दाम घड्याळ काढून कपाटात ठेवलं आणि आईपाशी जास्त वेळ बसलो. ती पंधरा मिनिटांत झोपून गेली.

तरीही मी सकाळची वाट बघायला लागलो होतो, हे लिहायला हवं. दादा होऊन बसलो की आई माझा हात हातात घ्यायची. माझा म्हणून तिनं तो कधी घेतला होता, मला आठवत नाही. आणि आणखी एक गोष्ट. दादासारखं बोलता बोलता त्याचे शब्द माझ्या तोंडात आपसूक यायला लागले. "चालायचंच," हा त्याचा शब्द, माझा नव्हे. गाडी सुटण्याआधी तो गुडघ्यांवर हात आपटून उठायचा, तसा मी उठायला लागलो. मैदानावर धावताना स्टेशनच्या बाजूनं पटाख्यांचे आवाज यायचे. कोहऱ्यात सिग्नल दिसत नाही, म्हणून सिग्नलच्या अलीकडे रुळावर डबीएवढा पटाखा बांधून ठेवतात. इंजिन त्यावरून गेलं की धाडकन वाजतो आणि ड्रायव्हरला कळतं, सिग्नल आला, वेग कमी करायचा. असा आवाज आला की माझे पाय आपोआप हळू पडायचे. एक दिवस लक्षात आलं, तेव्हा मी मैदानाच्या मधोमध थांबलो. कोहऱ्यात आणखी कुणी तरी धावत होतं, पुढे की मागे, कळत नव्हतं. मी थांबल्यावर ते पाऊलही थांबलं. माझाच आवाज भिंतीवरून परत येत असणार. त्या दिवशी मी उरलेल्या चकरा केल्या नाहीत.

डिसेंबर संपत आला होता. एका सकाळी आई म्हणाली, "दादा, तू रागावलास का रे माझ्यावर?"

"कशाबद्दल?"

"तुला कॉलेजात जायचं होतं. फॉर्म भरला होतास. हे गेले, आणि मी तुला शेडमध्ये पाठवलं."

ही गोष्ट मला माहीत होती. आमचे वडील रेल्वेत गार्ड होते. दादा अठराचा आणि मी बाराचा असताना ते ड्यूटीवर वारले. त्यांच्या जागेवर दादाला घेतलं. आधी इंजिनांच्या शेडमध्ये खलासी, म्हणजे हरकाम्या मदतनीस, मग असिस्टंट, मग ड्रायव्हर. त्याच्या जिवावर मी एम.एस्सी. झालो. घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि दुसरा इलाज नव्हता, असंच आम्ही धरून चाललो होतो.

"दुसरा इलाज नव्हता, आई," मी म्हणालो.

"होता," आई म्हणाली. "साहेबांनी मला बोलावलं होतं. म्हणाले, तुम्हीच लागा, दफ्तरात पाणी द्यायचं, फायली इकडून तिकडे न्यायच्या. मुलाला शिकू द्या. मी सातवीपर्यंत शिकले होते, जमलं असतं मला. पण लाज वाटली रे. आपल्यातल्या बायका काय म्हणतील. मी म्हटलं, माझा मुलगा लागेल. तुला विचारलंसुद्धा नाही."

हे मी पहिल्यांदाच ऐकत होतो. तिनं माझा हात घट्ट धरला होता. तिचा हात थंडगार होता.

"बोल ना," ती म्हणाली. "धाकटा शिकला, तू इंजिनावर जळलास. रागावलास का?"

मी काय करायला हवं होतं, हे मला आजही नीट सांगता येत नाही. उठून आत जाता आलं असतं. मी धाकटा आहे, असं म्हणता आलं असतं. मी म्हणालो, "जाऊ दे आई. मी केव्हाच विसरलो ते."

तिनं माझ्या टोपीवरून हात फिरवला. रडली नाही. "बरं झालं बोललास," म्हणाली, आणि चहा पिऊन शांत झोपली.

मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि बादली भरून वाहायला लागली तरी उभाच राहिलो. जिच्यामुळे दादाचं शिक्षण गेलं, तिला मी माफ केलं होतं. आणि ज्याच्यासाठी ते गेलं, तो मीच होतो. माफ करायचा हक्क ज्याला होता, त्याला कुणी विचारलं नव्हतं. तेव्हाही नाही, आताही नाही.

जानेवारीत वहिनी आली. दादाच्या जागी तिला नोकरी मिळत होती, त्याच्या कागदांसाठी आठवडाभर झाशीत राहायचं होतं. तोवर तिसऱ्या लाटेची बातमी सुरू झाली होती, तरी ती आली. तिला स्टेशनवरून आणताना मी वाटेत रिक्षा थांबवली. बोलायचं होतं ते घरी बोलता आलं नसतं.

"वहिनी, आईला अजून सांगितलेलं नाही."

"माहीत आहे."

"तिला दिसत नाही फारसं. पण ती हात हातात घेते. मनगट चाचपते. तेव्हा..." माझ्या खिशात बायकोनं दिलेल्या सहा हिरव्या बांगड्या होत्या, रुमालात गुंडाळलेल्या. मी रुमाल पुढे केला.

वहिनीनं रुमाल उघडून पाहिला. मग एकेक करून तीन या हातात, तीन त्या हातात भरल्या. म्हणाली, "चला."

आईनं तिचं मनगट चाचपलं, बांगड्या वाजल्या, आणि आई म्हणाली, "आलीस का? दादा रोज येतो हो सकाळी. तू नाही येत." वहिनीनं माझ्याकडे पाहिलं. हे मी तिला रिक्षात सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी धावून आलो, तेव्हा वहिनी दाराच्या आत, पडद्याशी उभी होती. ती आहे हे मला माहीत नव्हतं. मी फाटकातून हाक दिली, "आई, आलो गं." गुडघ्यांवर हात आपटत पायरीवर बसलो. आईनं विचारलं, "बायको आलीय ना रे तुझी? मग जेवायला इकडेच थांब." मी म्हणालो, "बघतो, ड्यूटी लागते का. चालायचंच."

आतून बांगडी फुटल्याचा आवाज आला.

मी आत गेलो. वहिनी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती. दोन बांगड्या तिनं ओट्याच्या कडेवर फोडल्या होत्या, मनगटावरून रक्ताची बारीक रेघ आली होती. बायको तिच्या हातावर पाणी घालत होती. मी टोपी काढायचं विसरलो होतो.

"ती टोपी काढा," वहिनी म्हणाली.

मी काढली.

"मी त्यांचा आवाज ऐकला," ती म्हणाली. "नऊ महिन्यांनी. क्षणभर मला खरंच वाटलं. तुम्हाला कळतंय का, भावजी, मला क्षणभर काय वाटलं ते?"

मी टोपी खिशात कोंबली.

"आईंच्या लेखी ते लाइनवर आहेत. रोज सकाळी येतात, चहा पितात. तुमच्याकडे ते असे आहेत. मग मेले कुणासाठी? फक्त माझ्यासाठी? त्यांचं मरण तुम्ही मला एकटीला देऊन टाकलंत. आणि वर मी बांगड्याही घालायच्या."

बायको रडायला लागली. वहिनी रडत नव्हती. उरलेल्या चार बांगड्या तिनं हातातून काढून ओट्यावर ठेवल्या. "आज सांगायचं," म्हणाली. "तुम्ही नाही सांगितलंत तर मी सांगते."

दुपारी, आईची झोप झाल्यावर, आम्ही दोघं तिच्यापाशी बसलो. मी मास्क काढला, टोपी नव्हती, आणि तिच्या अगदी जवळ तोंड नेऊन म्हणालो, "आई, मी धाकटा. बाळ."

"हो रे, कळतंय."

"आई, दादा गेला."

"कुठे?"

"वारला, आई. एप्रिलमध्ये. आपण सगळे आजारी होतो तेव्हा."

तिनं वहिनीचा हात शोधला. मनगट चाचपलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत बोटं फिरवली, मग दुसरं मनगट. वहिनीनं दोन्ही हात तिच्या पुढ्यात धरून ठेवले होते. आई बराच वेळ तशीच मनगटं धरून बसली. मी वाट बघत होतो की ती ओरडेल, की विचारेल, इतके दिवस का नाही सांगितलंत. तिनं विचारलं नाही.

"पाणी तापव," ती म्हणाली. "बंबात विस्तव घाल. मला डोक्यावरून अंघोळ करायला हवी."

घरातून बंब जाऊन तीस वर्षं झाली होती. बाहेर थंडी अशी होती की दुपारचे तीन वाजले तरी अंगणातली फरशी ओलीच होती. मी म्हणालो, "आई, हातपाय धू नुसते. गारठशील."

"मुलगा गेल्याचं ऐकलं आणि अंघोळ नाही करायची?" ती म्हणाली. तिचा आवाज कित्येक महिन्यांनी पूर्वीसारखा होता, घर चालवणाऱ्या बाईचा. "दहा दिवस तर केव्हाच होऊन गेले असतील. एवढं तरी करू दे मला."

बादलीत रॉड लावून पाणी तापवलं. वहिनीनं तिला न्हाणीघरात नेलं. दार लोटलेलं होतं. मी बाहेर टॉवेल घेऊन उभा होतो. पहिला तांब्या पडल्याचा आवाज आला आणि आई रडायला लागली. मोठ्यानं, तोंड उघडून, लहान मुलासारखी. वहिनीचा आवाज त्यात मिसळला. एप्रिलपासून आमच्या घरात असं कुणी रडलं नव्हतं. तेव्हा सगळे खोकत होतो, घाबरलेले होतो, फोनवर होतो. मी दारापाशी खाली बसलो. पाण्याचे तांबे पडत राहिले.

रात्री आईला ताप आला नाही. त्याचीच आम्हाला भीती होती.

त्यानंतर सगळं सरळ झालं, असं नाही. दोन दिवस तिच्या लक्षात होतं. तिसऱ्या दिवशी मी धावून आलो तर, "दादा, आलास का?" मी टोपी आणि मास्क काढून म्हणालो, "मी बाळ आहे, आई." "मग दादा?" "दादा गेला, आई." तिचा हात छातीकडे गेला, तसाच, त्या पुस्तकातल्या पानावर जायचा तसा. मला वाटलं, हे मी रोज करू शकणार नाही. पण केलं. काही दिवस ती रडली, काही दिवस फक्त "अरे हो" म्हणाली. काही दिवस तिनं विचारलंच नाही. सकाळचा चहा मी पायरीवर न बसता तिच्या शेजारी दुसरी खुर्ची टाकून घ्यायला लागलो. ती माझा हात हातात घ्यायची नाही. मग मीच तिचा घेतला.

आईनं दादाची माफी मागितली ती गोष्ट मी वहिनीला सांगितली, ती क्वार्टर रिकामं करायला गेली होती तेव्हा. मी भांडी खोक्यात भरत होतो. ती ऐकत राहिली.

"दादाला माहीत होतं?" मी विचारलं. "की आई स्वतः लागू शकली असती?"

"होतं. त्या साहेबांनीच पुढे कधीतरी सांगितलं त्यांना. लग्न झालं त्या वर्षी मला बोलले होते. पुन्हा कधीच नाही."

"राग होता?"

"होता." तिनं कागदात पेला गुंडाळला. "रोज सकाळी जायचे, चहा प्यायचे, हसायचे. आणि राग होता. दोन्ही होतं."

"मी म्हणालो, केव्हाच विसरलो."

"आत्ता सांगितलंत ते." तिनं पुढचं भांडं उचललं. "त्यांनी माफ केलं असतं की नाही, मला नाही ठाऊक. मी तीस वर्षं त्यांच्याबरोबर राहिले, मला नाही ठाऊक. तुम्हाला कसं ठाऊक, भावजी?"

ती रागानं बोलली नव्हती. खोकं भरलं, तेव्हा सुतळी मला धरायला लावून गाठ तिनंच मारली.

फेब्रुवारीत ती कामावर रुजू झाली. दफ्तरातच, फायलींचं काम. क्वार्टर सुटल्यामुळे ती आमच्याकडेच राहायला आली. पहिल्या दिवशी डबा घेऊन निघाली, तेव्हा आईनं विचारलं, "कुठे गं?" "ऑफिसला, आई." आई तिच्याकडे तोंड करून थांबली. म्हणाली, "जा. लाजू नकोस." वहिनी पायऱ्या उतरून गेली.

संध्याकाळचं वाचन आता वहिनी करायची. ती भराभर वाचते, आवाज बदलून. मी बाजूच्या खोलीत वह्या तपासत ऐकायचो.

माझ्या मनातून मात्र ते जात नव्हतं. मैदानावर ऊन पडायला लागलं होतं, समोरची भिंत दिसत होती, धावणारी चार माणसंही दिसत होती, सगळी ओळखीची. तरी मी धावताना तेच वाक्य ऐकायचो, माझ्याच आवाजात. मी केव्हाच विसरलो ते. शेवटी एक दिवस, आई बरीच शुद्धीवर आहे असं पाहून, मी तिला सांगून टाकायचं ठरवलं. खुर्ची तिच्यासमोर ओढली.

"आई, तू दादाला विचारलं होतंस, रागावलास का म्हणून. आठवतं?"

"कधी?"

"डिसेंबरमध्ये. त्याला शेडमध्ये पाठवलंस, त्याबद्दल. आणि तो म्हणाला, मी केव्हाच विसरलो. ते तो नव्हता म्हणाला, आई. तो तेव्हा नव्हताच. ते मी म्हणालो होतो. त्याची टोपी नव्हती, माझीच होती, पण तुला वाटलं..." मी पुढे बोलू शकलो नाही.

आई विचार करत होती. खरंच करत होती. कपाळावर आठी पडली होती.

"मग दादा काय म्हणाला असता?" तिनं विचारलं.

"मला माहीत नाही, आई."

"मलाही नाही," ती म्हणाली.

मग उन्हाची तिरीप तिच्या पायांवरून सरकली, आणि तिनं मला तिची खुर्ची थोडी पुढे, उन्हात घ्यायला सांगितली.